दप्तर उचलावे की वाचावे?

ज्या कामाचे उत्तर शेवटी एका आकड्यात किंवा एका यादीत मावणार आहे, त्या कामासाठी संगणकाने साऱ्या जिल्ह्याचे दप्तर एकाच वेळी आपल्या स्मरणात ओढून घ्यावे काय, हा प्रश्न वरकरणी केवळ यंत्रज्ञांचा वाटला, तरी ज्या मुलखात अनुदान, पीकविमा, वारसनोंद आणि जातीचा दाखला यांतील प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या यादीत आपले नाव सापडते की नाही यावर अवलंबून असते, त्या मुलखात तो सामान्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत आलेला प्रश्न आहे. बीड जिल्हा हा असा मुलूख आहे. २०२० च्या खरिपात या जिल्ह्याच्या पीकविम्यासाठी विमा कंपन्या पुढे येईनात, तेव्हा भारतीय कृषी विमा कंपनीमार्फत तो राबविताना अशी तजवीज करण्यात आली की, नुकसानभरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपलीकडे गेल्यास वरचा भार राज्य शासनाने उचलावा, आणि ती ८० टक्क्यांच्या आत राहिल्यास कंपनीने २० टक्के आपल्याकडे ठेवून उरलेली रक्कम शासनास परत करावी. हीच तजवीज पुढे ‘बीड पॅटर्न’ या नावाने राज्यभर ओळखली गेली. २०२३ च्या खरिपात एका रुपयात विमा देण्याची योजना आली, राज्यातील अर्जांची संख्या दीड कोटीच्या वर गेली, खोट्या अर्जांचा बोभाटा झाला, आणि २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंदही पडली. परंतु अर्जातील क्षेत्र आणि जमिनीच्या कागदावरील क्षेत्र यांचा ताळा घेण्याची गरज योजनेबरोबर संपली नाही, संपणारही नाही.

अशाच एका ताळ्याच्या कामावरून धारूर येथे एका मामा-भाच्यांत झालेला वाद, त्यातील मुद्दे मला मोलाचे वाटतात म्हणून, येथे मांडीत आहे. मामा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोकरीचा मोठा काळ अभिलेख कक्षात गेल्यामुळे मोडी सराईतपणे वाचणारे आणि निजामी अमदानीतील उर्दू कागदही बऱ्यापैकी लावणारे. भाचा पुण्यात डेटाबेसचे काम करणारा. जिल्ह्यातील एका संस्थेसाठी विम्याच्या अर्जांचा ८-अ उताऱ्यांशी मेळ घालून गाववार यादी काढण्याचे काम त्याच्याकडे आलेले. दोघांचेही आपापल्या कामावर प्रेम आहे, आणि वाद रंगला तो त्यामुळेच.

भाचा : मामा, आधीच्या माणसाने लिहून ठेवलेला प्रोग्रॅम माझ्या पदरी आला आहे आणि तो रोज रात्री एकाच जागी मोडतो. पडद्यावर ‘अलाउड मेमरी साइज ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड’ अशी ओळ उमटते, म्हणजे प्रोग्रॅमला वापरावयास दिलेली मेमरी संपली असे समजावे, आणि त्यानंतर ना यादी, ना बेरीज. संस्थेतील मंडळींचे म्हणणे एकच, की मेमरी वाढवून घ्या.

मामा : त्यांचे काय चुकले? दप्तर मोठे असेल तर ते मांडावयास जागाही मोठी लागणार. नकलेचा अर्ज आला की आम्ही त्या गावचा सगळा रुमाल सोडून टेबलावर ठेवीत असू, पाने मोजीत असू, आणि मगच कामाला हात घालीत असू. अर्धे दप्तर फडताळात आणि अर्धे हातात, अशा स्थितीत तयार झालेल्या नकलेवर मी कधी सही केली नाही.

भाचा : एका गावचा रुमाल म्हणता, म्हणून ते साधले. जिल्ह्याचा हिशेब करून पाहा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. माणशी एकच ओळ धरली, आणि नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र, बँकेचे खाते एवढ्या तपशिलाला ४०० बाइट्स धरले, तर साऱ्या ओळी मिळून १,०३,४०,१९,६०० बाइट्स होतात. पीएचपी या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला मूळची मुभा १२८ मेगाबाइटची, म्हणजे १३,४२,१७,७२८ बाइट्सची. तेवढ्यात ३,३५,५४४ ओळी बसतात. अकरा तालुक्यांपैकी सरासरीने दीड तालुकाही पुरता येत नाही. शिवाय कागदावरील ४०० बाइट्सची ओळ भाषेच्या आपल्या मांडणीत शिरली की फुगते, ते वेगळेच.

मामा : मग मुभा दहापट कर.

भाचा : यंदा करीन. पुढच्या हंगामात अर्जांसोबत मागच्या तीन हंगामांचे अर्जही ताडून पाहावयाचे ठरले, म्हणजे पुन्हा तेच. आणि ही मेमरी आकाशातून येत नाही. त्याच सर्व्हरवर डेटाबेस बसलेला आहे, त्याच सर्व्हरवर लोकांना उतारे दाखविणारी खिडकी चालते. एका प्रोग्रॅमने मेमरी गिळत नेली आणि यंत्रात शिल्लक उरली नाही, तर लिनक्स ही कार्यप्रणाली उरलेल्यांच्या जिवासाठी एखाद्या कामाचा बळी देते. आणि बळी निवडताना कोण अधिक मेमरी व्यापून बसला आहे हे ती प्रामुख्याने पाहत असल्यामुळे, पुष्कळदा जातो तो डेटाबेसच. अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला. सेवा केंद्रात ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ असे जे ऐकावे लागते, त्यामागे कधी कधी असे कारण असते.

मामा : हे मला ठाऊक नव्हते. पण अर्ज तर प्रत्येक पाहावाच लागणार. न पाहता ताळा कसा घेशील?

भाचा : प्रत्येक पाहावयाचाच आहे. वाद एवढाच, की पाहून झालेली ओळ जवळ ठेवावयाची की सोडून द्यावयाची. मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसशी बोलणाऱ्या ग्रंथालयात, म्हणजे तयार प्रोग्रॅमांच्या संचात, उत्तर घेण्याच्या दोन रीती पहिल्यापासून आहेत. एकीचे नाव ‘स्टोअर रिझल्ट’. तिच्यात प्रश्न विचारताच सर्व्हरकडून उत्तराच्या साऱ्या ओळी येऊन प्रोग्रॅमच्या बाजूला साठविल्या जातात, आणि मग त्यातून एकेक काढून हातात मिळते. दुसरीचे नाव ‘यूज रिझल्ट’. तिच्यात आपण मागू तशी ओळ येते, काम झाले की तिची जागा पुढची ओळ घेते. पीएचपी आपण होऊन पहिली रीत वापरते. आधीच्या माणसाचा प्रोग्रॅम वाचला तर तो एकेक ओळ घेतो असेच दिसते, ‘व्हाइल’चे चक्र आहे, आत एकाच ओळीवर काम आहे, परंतु त्या चक्राच्या पहिल्या फेरीआधीच साऱ्या जिल्ह्याचे उत्तर मेमरीत येऊन पडलेले असते. लिहिणाऱ्याला वाटते आपण वाचतो आहोत. प्रत्यक्षात तो उचलत असतो.

येथे क्षणभर थांबून सांगावेसे वाटते की, संगणकाच्या शिक्षणात क्वेरी कशी लिहावी हे पुष्कळ शिकविले जाते, आणि तिचे उत्तर कोठे येऊन पडते हे फार थोडे. शंभर ओळींच्या नमुन्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही रीती सारख्याच भासतात, कारण शंभर ओळींत त्या सारख्याच असतात. भेद उघडा पडतो तो लाखांच्या घरात, आणि तोवर तो विद्यार्थी नोकरीला लागलेला असून त्याच्या प्रोग्रॅमवर कोणाचे तरी अनुदान अवलंबून असते.

मामा : तुझी दुसरी रीत मला कळली, पण पटली नाही. मिसल हाती आली की पहिले काम पृष्ठांकनाचे. एकूण पाने किती, हे पहिल्या पानावर लिहिल्याशिवाय आम्ही पुढे जात नसू. कारण मधले पान गहाळ झाले तर ते कळावे कसे? तू एकेक ओळ घेत चाललास तर एकूण ओळी किती, हे तुला आधी ठाऊक असते काय?

भाचा : नसते. शेवटची ओळ हाती येईपर्यंत एकूण संख्या सांगता येत नाही, ही त्या रीतीची उणीव मी नाकारीत नाही.

मामा : मागे वळून पाहता येते?

भाचा : नाही. गेलेली ओळ गेली.

मामा : मधेच वीज गेली तर? आमच्या धारूरला ती जाते, तुमच्या पुण्याचे मला सांगू नकोस.

भाचा : कनेक्शन तुटले की उरलेले उत्तर गेले.

मामा : म्हणजे संख्या माहीत नाही, परतीचा मार्ग नाही, आणि मधे खंड पडला तर कोठवर आलो होतो याचा थांग नाही, आणि अशा कामातून निघालेल्या यादीवर तू कोणाच्या तरी सहीची अपेक्षा धरतोस!

भाचा : मामा, २०२३ साली तुम्ही स्वतः काय केलेत ते आठवा. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधावयाच्या ठरल्या, आणि मोडी जाणणारे म्हणून तुम्हालाही बोलावले होते. जिल्ह्याचे सारे कोतवाल बुक तुम्ही पाठ केले होते काय?

मामा : पाठ कोण करील? त्या वह्या तू पाहिल्या नाहीस. गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. लांबट वही, कडा झिजून गोल झालेल्या, एका बाजूची शाई दुसऱ्या बाजूस उतरलेली, आणि कोतवालाने सांगितले तसे कुणीतरी भरभर उतरवून घेतलेले अक्षर. डाव्या हाताने पान दाबून धरावयाचे, ओळीखाली पट्टी ठेवावयाची, तारीख, नाव, बापाचे नाव यांवरून नजर नेत जातीच्या रकान्यावर थांबावयाचे. ‘कुणबी’ किंवा नुसता ‘कु’ दिसला की शेजारच्या तावावर गाव, साल, पान आणि अनुक्रमांक एवढेच उतरवावयाचे, आणि पट्टी खाली सरकवावयाची. दिवस संपला की कोठल्या पानावर थांबलो ते तावाच्या शेवटी लिहून सही करावयाची. शाळांची प्रवेश रजिस्टरे निराळी, १९५४-५५ ची खासरा पत्रके निराळी. पण रीत हीच.

भाचा : म्हणजे एका वेळी एकच ओळ पट्टीवर, हाती उरला तो ताव, आणि स्मरणात राहिला तो केवळ शेवटच्या पानाचा आकडा. मी माझ्या प्रोग्रॅमकडून याहून वेगळे काही मागत नाही.

मामांनी यावर जे उत्तर दिले, ते या साऱ्या वादाचे मर्म आहे असे मी मानतो. कारण डेटाबेसचे शिक्षण न घेतलेल्या माणसाने ते दिले, आणि तरीही ते डेटाबेसच्या शास्त्रातील एका मोठ्या प्रकरणाच्या नेमके वर्मी लागते.

मामा : वेगळे एक आहे, आणि तेच मोठे आहे. माझी वही मेलेली होती. ती वाचीत असताना तिच्यात कोणी नवी ओळ घालीत नव्हता, जुनी खोडीत नव्हता. पान उघडे ठेवून मी जेवावयास गेलो तरी परतल्यावर तेच पान तेथेच. तुझे दप्तर जिवंत आहे. तू केजची ओळ वाचीत असताना गेवराईत फेरफार मंजूर होतो, आष्टीत कोणाचे खाते बदलते. तू आरंभ केलास तेव्हाचा जिल्हा आणि शेवटास पोचलास तेव्हाचा जिल्हा हे दोन निराळे जिल्हे झाले, तर तुझी यादी कोणत्या दिवसाची म्हणावयाची?

भाचा : याची सोय डेटाबेसनेच केलेली आहे. मायएसक्यूएलमध्ये २०१० पासून, म्हणजे ५.५ या आवृत्तीपासून, इनोडीबी हे साठवणुकीचे यंत्र मूळचे म्हणून येते. ते ओळ बदलताना तिची जुनी प्रत लगेच टाकून देत नाही. मी वाचन सुरू केले त्या क्षणी जे चित्र होते, तेच मला शेवटपर्यंत दिसत राहते. मधे कोणी काही बदलले तरी माझ्यासाठी जुनी प्रत राखून ठेवली जाते. आधी मोजणी आणि नंतर वाचन ही दोन्ही एकाच ‘कन्सिस्टंट स्नॅपशॉट’च्या व्यवहारात केली, तर तुमचे पृष्ठांकनही साधते: मोजलेला आकडा आणि वाचलेल्या ओळी यांत फरक पडावयास जागा उरत नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्येही हीच सोय ‘रिपीटेबल रीड’ म्हणून मागता येते.

मामा : आणि या जुन्या प्रती सांभाळण्याचा खर्च कोणाच्या नावे पडतो?

भाचा : सर्व्हरच्या. माझे वाचन चार तास चालले तर त्या चार तासांत बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रती साफ करता येत नाहीत. त्या साचत जातात. पोस्टग्रेसमध्ये ‘व्हॅक्यूम’ नावाची जी सफाई असते, तीही अशा लांबलेल्या वाचनापायी अडून राहते.

मामा : म्हणजे आपल्या डोक्यावरचे ओझे तू दुसऱ्याच्या डोक्यावर दिलेस.

भाचा : काही अंशी होय. आणि आणखीही सांगतो, लपवीत नाही. क्वेरीत क्रम लावण्याचा हुकूम असेल आणि त्या रकान्यावर इंडेक्स नसेल, तर पहिली ओळ देण्यापूर्वी सर्व्हरला साऱ्या ओळी गोळा करून स्वतःच क्रम लावावा लागतो, आणि मेमरी पुरली नाही तर डिस्कवर तात्पुरत्या फाइली कराव्या लागतात. मी एकेक ओळ घेतो या समजुतीत असतो आणि सारे दप्तर पलीकडे मांडलेले असते. शिवाय पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरते वाचून होईपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरा प्रश्न विचारता येत नाही. विचारला तर ‘कमांड्स आउट ऑफ सिंक’ म्हणून नकार येतो. आधीचा माणूस प्रत्येक अर्जामागे ८-अ चे क्षेत्र विचारणारी एक निराळी क्वेरी पाठवीत होता, आणि साठा करून घेण्यामागे त्याचे कारण बहुधा हेच असावे.

मामा : तो अगदीच वेडा नव्हता तर.

भाचा : वेडा नव्हता, पण लाखो अर्जांमागे लाखो क्वेऱ्या पाठविण्यापेक्षा दोन तक्ते जोडून एकच क्वेरी लिहावयास हवी होती. अर्ज आणि क्षेत्र एकाच ओळीत आले की मधे विचारावयाचे काही उरत नाही, आणि निकाल लिहावयास दुसरे कनेक्शन घेता येते.

मामा : आणि ओळ वाचून तू विचार करीत बसलास तर?

भाचा : तर सर्व्हर खोळंबतो. मी ओळ घेत नाही म्हणून त्याला पुढची पाठविता येत नाही, आणि असे ६० सेकंद गेले की मायएसक्यूएल मूळच्या ठरावाप्रमाणे कनेक्शन तोडून टाकतो. जुन्या मायआयएसएएम तक्त्यांत तर वाचन चालू असेपर्यंत तक्त्याला कुलूप असते, लिहिणाऱ्यांना दाराबाहेर उभे राहावे लागते. म्हणून ओळीवरचे काम चटकन आटोपणारे असावे. तेथे कोणाला संदेश पाठविणे, दुसऱ्या सर्व्हरकडून खात्याची पडताळणी करून घेणे, असले काही करीत बसू नये.

भाच्याच्या या कबुलीमुळे त्याची बाजू दुबळी झाली असे कोणास वाटेल, परंतु मला ती तेथेच विश्वासार्ह वाटू लागली. एकेक ओळ घेण्याची रीत नवी किंवा धाडसाची नाही. मायएसक्यूएलचा बॅकअप घेणारे ‘मायएसक्यूएलडम्प’ हे साधन ‘क्विक’ या पर्यायाने सर्व्हरकडून एकेक ओळ घेऊन फाइलीत उतरवीत जाते, आणि तो पर्याय मुळातच चालू असतो. तसे नसते तर मोठ्या तक्त्याचा बॅकअप घेताना ते साधन मेमरीअभावी मोडून पडले असते. पोस्टग्रेसचे ग्रंथालयही आपण होऊन सारे उत्तर साठविते, पण तेथे ‘कर्सर’ जाहीर करून ठरावीक ओळींचा घास मागता येतो. पायथॉनच्या सायकोपीजी२ या साधनात नाव दिलेला कर्सर घेतला तर मूळचा घास २,००० ओळींचा असतो. जावाच्या बाजूने पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानी धरावी: ‘ऑटोकमिट’ बंद केल्याशिवाय घासाचा आकडा दिला तरी तो मानला जात नाही, आणि मानला नाही असे कोणी सांगतही नाही, सारे उत्तर मुकाट्याने येऊन साठते. पीएचपीत ‘बफर्ड क्वेरी’ बंद केल्यावर ‘फेचऑल’ लिहिणारेही असेच स्वतःला फसवितात, कारण सर्व्हरकडून सुटी सुटी आलेली ओळ ते स्वतःच पुन्हा एका गठ्ठ्यात बांधतात.

मामा : तुझ्या दोन्ही रीती ऐकल्या. एकीत यंत्र मोडते आणि दुसरीत दार तासन्‌तास अडते. आमच्या खात्यात काम असे चालले नसते. तालुक्याचे काम गाववार वाटून देत, एका गावाचे संपले की तेथे रेघ मारून आकडा लिहीत, आणि दार मोकळे करीत.

भाचा : तेच मी करणार आहे, फक्त गावाऐवजी अर्जाच्या क्रमांकाने. क्रमांकावर इंडेक्स आहे. शेवटी वाचलेल्या क्रमांकाच्या पुढचे ५,००० अर्ज क्रमाने मागावयाचे, निकाल लिहावयाचा, त्याच व्यवहारात शेवटचा क्रमांक एका लहान तक्त्यात नोंदवावयाचा, आणि पुन्हा पुढचे ५,००० मागावयाचे. वीज गेली तर त्या क्रमांकापासून पुढे. पाच हजार ओळी साठविल्या तरी वीस लाख बाइट्स. कोणाला त्याचा उपद्रव नाही, आणि सर्व्हरचे दारही दर घासाला मोकळे होते. कित्येक जण यासाठी ‘ऑफसेट’ वापरतात, म्हणजे पहिल्या दहा लाख ओळी सोडून पुढच्या द्या असे सांगतात. पण सोडावयाच्या ओळीही सर्व्हरला वाचीत जाव्याच लागतात, त्यामुळे काम जसजसे पुढे सरकते तसतसे ते मंदावत जाते. क्रमांकाच्या पुढचे मागितले की थेट त्या जागी जाता येते.

मामा : पण मग तुझे ते एका क्षणाचे चित्र गेले. दर पाच हजारांना तू नव्याने पाहणार, आणि मधल्या वेळात गेवराईत पुन्हा फेरफार होणार. दार मोकळे केलेस आणि दिवस हरवलास.

भाचा : होय. हे दोन्ही एकदम साधत नाही, एवढे मी मान्य करतो.

मामा : साधत कसे नाही? महसुली पत्रकाच्या माथ्यावर काय लिहिलेले असते? ‘अमुक तारखेअखेर’. पत्रक ज्या दिवशी तयार झाले त्या दिवसाला किंमत नसते. ‘अखेर’ म्हणून जी तारीख लिहिली, तिला असते. अर्जाची मुदत संपल्यावर नवा अर्ज येत नाही, हे तर तुझ्या तक्त्यातच आहे. राहिली जमीन. फेरफार नोंद कोणी पुसून टाकीत नाही. तिला क्रमांक असतो, मंजुरीची तारीख असते, रद्द झाली तर रद्दची नोंद असते. अखेरच्या तारखेपर्यंत मंजूर झालेलेच फेरफार धर, त्यानंतरचे सोड. मग तू ते एका रात्रीत वाच की आठ रात्रींत वाच, यादी एकाच दिवसाची निघेल.

भाचा : हे मात्र मला सुचले नव्हते. मी चित्र गोठविण्याचे काम डेटाबेसवर टाकू पाहत होतो. तुम्ही ते क्वेरीच्या अटीतच घातलेत.

मामा : मी नाही घातले. निजामाचे पेशकार आणि गिरदावरही तसेच करीत. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात, रकाने बदलले, भाषा बदलली, पण ‘अखेर’ कोणी काढली नाही. आता दुसरे सांग. रुजुवात कशी करशील? नक्कल काढली की एकाने मूळ वाचावे आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवावे, असा आमचा दंडक होता.

भाचा : काम संपल्यावर त्याच अखेरच्या तारखेची मोजणी डेटाबेसकडून निराळी मागवीन, तालुकावार, अकरा आकडे. माझ्या प्रोग्रॅमने वाचता वाचता ठेवलेले अकरा आकडे त्यांच्या शेजारी. एकही विसंगत निघाला तर यादी बाहेर जाणार नाही. या अकरा ओळी मात्र मी खुशाल साठवून घेईन. तालुक्यांची नावे, पिकांचे संकेतांक, पडद्यावरचे एखादे पान, असे जे थोडे असते आणि पुन्हा पुन्हा लागते, ते एकदाच घेऊन कनेक्शन मोकळे करणे हेच शहाणपणाचे.

मामा : बरोबर. लहान गावचा रुमाल टेबलावर ठेवावा, एवढे तरी माझे उरले!

वाद येथे मिटला असे नाही; मामांना अजूनही गेलेली ओळ परत पाहता येत नाही याची रुखरुख आहे, आणि भाच्याच्या मते ती रुखरुख कागदाच्या सवयीतून आलेली आहे. मला विचाराल तर जिल्ह्याच्या मापाच्या कामात साऱ्या उत्तराचा साठा करणे ही रीत सोडलीच पाहिजे, तिच्याबद्दल तडजोड नको. परंतु तिच्या जागी नुसती सुटी ओळ आणून भागत नाही. साठा करणाऱ्या प्रोग्रॅमला ओळींची संख्या, परतीची वाट आणि एका क्षणाचे चित्र या तीन गोष्टी आयत्या मिळत होत्या. तो साठा काढून घेतला की त्या तिन्ही लिहिणाऱ्याला आपल्या हाताने पुऱ्या कराव्या लागतात, आणि हे ज्याच्या ध्यानात येत नाही त्याचा प्रोग्रॅम मोडत नाही हे खरे, पण त्याची यादी चुकीची निघाली तरी त्याला ते कळत नाही. मोडलेला प्रोग्रॅम निदान ओरडतो. अपुरी यादी गप्प असते, आणि तिच्यात ज्याचे नाव आले नाही तो मनुष्य पाटोद्याहून किंवा वडवणीहून एस. टी. ने जिल्ह्याच्या गावी येऊन खिडकीपुढे उभा राहतो, आणि त्याला उत्तर देणाऱ्यापाशी ‘यादीत नाही’ एवढ्याखेरीज काही नसते.

जिल्ह्याजिल्ह्यांतून असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणांना म्हणून माझी विनंती आहे की, यादी छापताना तिच्या पायथ्याशी अखेरची तारीख, तालुकावार वाचलेल्या अर्जांची संख्या आणि शेवटी वाचलेल्या अर्जाचा क्रमांक एवढे तीन तपशील अवश्य छापावेत. त्याला कागदाच्या दोन ओळी लागतात, आणि ज्याचे नाव सुटले आहे त्याला आपला अर्ज वाचलाच गेला नाही की वाचून नाकारला गेला, हे त्या दोन ओळींवरून विचारता येते.